दुधाच्या दातांची कीड: रात्रीच्या ब्रशपासून दवाखान्यापर्यंत

‘दुधाचेच दात ना, पडायचेच आहेत ते!’ असं म्हणून कित्येक घरांत लहान मुलांच्या किडलेल्या दातांकडे काणाडोळा केला जातो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा पडतात दहाव्या ते बाराव्या वर्षी. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्याच दाढेने त्याला पुढची सात-आठ वर्षं भाकरी चावायची असते. ती दुखत असेल तर मूल घास गालात धरून बसतं, एकाच बाजूने चावतं, रात्री रडत उठतं. घरच्यांना वाटतं, पोर जेवायला नखरे करतंय. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. तो वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. इतका पसरलेला हा आजार बहुतेक वेळा घरातच रोखता येतो. त्याला महागडं काही लागत नाही, रोजची पाच मिनिटं लागतात. पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांचा कणा एकच आहे: रात्री झोपण्यापूर्वी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने मुलाचे दात घासायचे आणि त्यानंतर सकाळपर्यंत मुलाच्या तोंडात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही (अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय, ते पायरी ४ मध्ये पाहा). बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं जमवाच.

आधी समजून घ्या: कीड लागते कशी

दातांवर दिवसभर एक चिकट थर साचत असतो. त्यातले जिवाणू साखरेपासून आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे आम्ल दाताच्या कठीण कवचातलं कॅल्शियम विरघळवू लागतं. लाळ त्याचा जोर कमी करते, पण त्यासाठी तिला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मग लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात पुन्हा बसायला लागतं. तिथे फ्लोराइड असेल तर ही भरपाई चांगली होते आणि कवच आम्लाला जास्त दाद देत नाही.

अशी झीज आणि भरपाई रोज चालूच असते. दोन गोष्टींनी झीज वरचढ ठरते. एक, दर तासा-दीड तासाला तोंडात काहीतरी गोड किंवा चिकट जाणं. मग भरपाईला उसंतच मिळत नाही. दुसरी, झोपेत दातांवर दूध किंवा गोड राहणं. कारण झोपेत लाळ अगदी कमी सुटते. त्यातच दुधाच्या दातांचं कवच कायमच्या दातांच्या मानाने जेमतेम निम्मं जाड असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ असते. मोठ्या माणसाच्या दातात जी कीड आत जायला वर्षं घेते, ती लहान मुलाच्या दातात काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते.

हे जिवाणू मुलाच्या तोंडात जन्मतः नसतात. बहुतेक वेळा ते आई, आजी, बाबा अशा जवळच्या माणसांच्या लाळेतून येतात. म्हणून घास चावून भरवणं आणि आपल्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात घालणं बंद करा. आईच्या स्वतःच्या किडलेल्या दातांवर वेळेवर उपचार करून घेणं, हीसुद्धा बाळाच्या दातांची काळजीच आहे.

साहित्य

- छोट्या डोक्याचा, मऊ केसांचा मुलांचा ब्रश. केस पसरले की लगेच, नाहीतर दर तीन महिन्यांनी बदला.
- फ्लोराइड असलेली टूथपेस्ट, सुमारे १००० पीपीएमची.
- स्वच्छ, मऊ सुती कापडाचे चौकोनी तुकडे.
- मोबाइलचा टॉर्च.
- दूध पाजायला बोंडलं, वाटी-चमचा किंवा छोटं फुलपात्र.
- दाढा एकमेकींना चिकटल्या असतील तर दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, म्हणजे फ्लॉस.

पेस्ट घेताना ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचाच. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा निम्मंच असतं. वेष्टनावर फ्लोराइड किती पीपीएम आहे ते लिहिलेलं असतं. हजारच्या आसपासचा आकडा हवा. चव आणि कार्टून पाहून पेस्ट निवडू नका. घरातल्या मोठ्यांची साधी पेस्ट या प्रमाणाची असेल आणि मुलाला तिखट लागत नसेल, तर तीच चालते. महत्त्व आहे ते किती घेता याला.

एक अपवाद लक्षात ठेवा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मोठ्या मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात. अशा गावात राहत असाल तर आधी प्यायचं पाणी तपासून घ्या आणि पेस्ट किती वापरायची ते दंतवैद्याला विचारून ठरवा.

मशेरी, राखुंडी, मीठ-कोळसा यांतलं काहीही मुलाच्या दातांना लावू नका. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, तो लहान मुलाच्या तोंडात जाताच कामा नये. राख आणि कोळशाने पातळ कवच खरवडून निघतं.

पायरी १: महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहा

कीड लवकर सापडली तर ती भोक पडण्याआधी थांबवता येते. म्हणून पहिला दात आला की दर महिन्याला ही तपासणी सुरू करा. तारीख ठरवून टाका. पहिला रविवार किंवा मुलाच्या वाढदिवसाची तारीख, जी लक्षात राहील ती.

१. दात घासून झाल्यावर, चांगल्या उजेडात मुलाला मांडीवर उताणं झोपवा.

२. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर करा. हिरडी आणि दात यांची जोडरेषा पूर्ण दिसली पाहिजे.

३. सुती कापडाने दात टिपून कोरडे करा. ओल्या दातावर सुरुवातीचे डाग लपतात.

४. टॉर्च बाजूने धरा आणि वरच्या चार पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, नीट नजर टाका.

निरोगी दुधाचा दात मोत्यासारखा चमकतो. कीड सुरू होते तेव्हा हिरडीच्या कडेने एक पांढुरकी, निस्तेज रेघ दिसते. चमक गेलेली, पाटीवर खडूने ओढल्यासारखी. ती दुखत नाही, बोटाला खड्डा लागत नाही, आणि म्हणूनच सहसा कोणाचं तिकडे लक्ष जात नाही. या वेळी कीड मागे फिरवता येते. रेघ पिवळी, मग तपकिरी झाली की कवच खचायला लागलेलं असतं. शेवटी दाताचा तुकडा पडतो, तेव्हा सगळ्यांना दिसतं.

५. नंतर तोंड मोठं उघडायला लावून दाढांच्या वरच्या खाचा पाहा. तिथे काळपट रेषा, खड्डा किंवा पुन्हा पुन्हा घास अडकणारी जागा दिसते का, ते बघा.

६. खालचे पुढचे दातही पाहा, पण ते चांगले आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. लहान मुलांच्या किडीत खालचे पुढचे दात बहुतेक वेळा शाबूत राहतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळेच्या ग्रंथी त्यांच्याजवळच उघडतात. समोरून हसताना खालचे दात स्वच्छ दिसतात आणि वरच्या ओठाआड कीड वाढत असते.

काही वेगळं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात तुलना करता येते आणि दवाखान्यात दाखवायलाही तो उपयोगी पडतो.

पायरी २: वयाप्रमाणे साफसफाई सुरू करा

*दात येण्याआधी:* दूध पाजून झाल्यावर, निदान दिवसातून एकदा, स्वच्छ ओल्या कापडाने बाळाच्या हिरड्या हलकेच पुसा. यामुळे तोंडात बोट घालू देण्याची सवय लागते आणि पुढचं काम सोपं होतं. बाळाच्या जिभेवर मध चाटवू नका. एक वर्षाच्या आत मधाने गंभीर विषबाधा होऊ शकते. चोखणी मधात किंवा साखरपाण्यात बुडवून देण्याची पद्धतही सोडून द्या.

*पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत:* पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, बहुधा खालचा पुढचा, येतो. कोणाचा वर्षाच्या आसपासही येतो. त्यात काळजीचं काही नाही. तो दिसल्याच्या दिवसापासून दिवसातून दोनदा ब्रश करा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. एवढी पेस्ट मुलाने गिळली तरी बिघडत नाही.

*तीन ते सहा वर्षं:* पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी. आता मुलाला थुंकायला शिकवा. अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात आलेले असतात, दहा वर आणि दहा खाली.

*सहा वर्षांपुढे:* पेस्ट तेवढीच. मुलाला स्वतः घासू द्या, पण त्याच्यानंतर एकदा तुम्ही घासा. ज्या मुलाला स्वतःच्या बुटांची नाडी नीट बांधता येत नाही, त्याचा हात ब्रश दाढेच्या मागच्या बाजूपर्यंत नेऊ शकत नाही. साधारण आठव्या वर्षापर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांच्याच हातात असावा.

पेस्टची ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. गोड चवीची पेस्ट मुलं चाटून खातात.

पायरी ३: रात्रीचा ब्रश

सकाळचा ब्रश घाईत झाला तर एकवेळ चालेल, रात्रीचा हुकता कामा नये.

*कसं बसायचं.* लहान मूल असेल तर जमिनीवर पाय पसरून बसा. मुलाला उताणं झोपवून त्याचं डोकं आपल्या मांडीत घ्या, त्याचं तोंड तुमच्याकडे वर. दोन माणसं असतील तर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसा. मुलाचं डोकं एकाच्या मांडीवर आणि पाय दुसऱ्याच्या कमरेशी. दुसऱ्याने मुलाचे हात हातात धरायचे आणि त्याच्याशी बोलत राहायचं. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर आरशासमोर त्याच्या मागे उभे राहा, त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा आणि डाव्या हाताने ओठ बाजूला करा. बाथरूममध्ये समोरून वाकून घासलं तर वरच्या दाढा कधीच नीट दिसत नाहीत.

*काय क्रम ठेवायचा.* रोज एकच क्रम ठेवा म्हणजे कोपरा राहून जात नाही.

१. वरच्या उजव्या दाढेपासून पुढच्या दातांवरून डाव्या दाढेपर्यंत, बाहेरची बाजू.

२. तसंच खालच्या दातांची बाहेरची बाजू.

३. वरच्या दातांची आतली बाजू, मग खालच्यांची.

४. शेवटी दाढांच्या चावायच्या बाजू, पुढे-मागे.

*ब्रश कसा फिरवायचा.* ब्रशचे केस अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर येतील असे थोडे तिरके धरा आणि छोट्या छोट्या गोलाकार हालचाली करा. एका जागी साधारण दहा अंक मोजा, मग पुढे सरका. जोर नको. करवतीसारखं आडवं खरडलं तर हिरडी दुखते आणि मूल दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. सगळं मिळून दोन मिनिटं होतात.

*मूल रडलं तर.* बहुतेक मुलं सुरुवातीला रडतात. रडताना तोंड उघडं असतं, तेवढ्यात दाढा घासून घ्या. शांतपणे, न ओरडता, पण सोडून न देता. ‘नाही घासलंस तर डॉक्टर सुई टोचतील’ असं कधीही म्हणू नका. अशी भीती घातली तर दवाखान्यात न्यायची वेळ येईल तेव्हा तीच आड येते. त्यापेक्षा आधी मुलाला तुमचे दात घासू द्या, मग त्याची पाळी. दोन आठवडे नेटाने केलं की बहुतेक मुलं आपणहून आडवी होतात.

*शेवट.* पेस्ट थुंकून टाकायला लावा, पण खळखळून चूळ भरू देऊ नका. दातांवर उरलेलं थोडंसं फ्लोराइड रात्रभर काम करतं. लहान मुलाला थुंकता येत नसेल तर तोंडाची कड कापडाने पुसली की झालं.

*दोरा.* मागच्या दोन दाढा एकमेकींना घट्ट टेकल्या असतील तर ब्रशचे केस मध्ये शिरत नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलांत कीड नेमकी याच सांध्यात लागते आणि वरून दिसत नाही. आठवड्यातून जमेल तितक्या रात्री, शक्यतो रोज, दोरा हलकेच खाली सरकवून एका दाढेला, मग दुसऱ्या दाढेला घासून बाहेर काढा.

पायरी ४: झोपेतली बाटली सोडवा

बाटली तोंडात ठेवून झोपी जाणाऱ्या मुलांच्या वरच्या पुढच्या दातांना सगळ्यात आधी कीड लागते. दूध चोखत झोप लागली की शेवटचे घोट दातांभोवती साचून राहतात. त्यात साखर, गूळ किंवा चॉकलेटची पावडर असेल तर नुकसान आणखी वाढतं.

वर्षाच्या पुढच्या मुलाची बाटली दोन-तीन आठवड्यांत अशी सोडवा:

१. पहिल्या आठवड्यात दुधातली साखर आणि पावडर थोडी थोडी कमी करत पूर्ण बंद करा.

२. झोपायच्या आधीचं दूध अर्धा तास अलीकडे आणा आणि ते फुलपात्रातून किंवा कपातून पाजा. त्यानंतर ब्रश.

३. तरीही अंथरुणात बाटली मागत असेल तर दर दोन-तीन रात्रींनी दुधात थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी बाटलीत फक्त पाणी राहू द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या दुधात मात्र पाणी घालायचं नाही.

४. फक्त पाणी मिळतंय म्हटल्यावर बहुतेक मुलं बाटली मागायचं सोडतात. त्या जागी गोष्ट, अंगाई, पाठीवरून हात यांतलं काहीतरी रोजचं ठरवा.

*अंगावरच्या दुधाचं काय?* स्तनपान दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवायला हरकत नाही; दातांसाठी ते बंद करू नका. मात्र दात आल्यावर, विशेषतः वर्षाच्या पुढे, रात्रभर स्तन तोंडात ठेवून मूल झोपत असेल आणि दिवसा गोड खाणंही चालू असेल, तर कीड लागण्याचा धोका वाढतो. पिऊन झालं की हळूच बाजूला करा, जमेल तेव्हा ओल्या कापडाने दात पुसा आणि रात्रीचा ब्रश अजिबात चुकवू नका.

*औषधं.* खोकल्याची, तापाची बरीच पातळ औषधं गोड असतात. डॉक्टरांनी वेळ बदलायला हरकत नाही असं सांगितलं तर ती जेवणाबरोबर द्या, आणि झोपायच्या आधी द्यावी लागली तर त्यानंतर दात घासा. साखर नसलेलं औषध मिळतं का, हेही विचारा.

पायरी ५: गोडाच्या वेळा कमी करा

दातांना किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त भोवतं. जेवताना एक लाडू खाल्ला तर दातांवर एकदाच आम्लाचा मारा होतो. तोच लाडू सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुकड्या-तुकड्याने चघळला तर तो दिवसभर चालू राहतो.

एक दिवस बसून मुलाच्या तोंडात काय काय आणि किती वाजता जातं ते कागदावर लिहून काढा. सकाळचं चहा-बिस्कीट, शाळेच्या व्हॅनमधलं चॉकलेट, पाळणाघरातला खाऊ, आजोबांनी आणलेली गोळी, संध्याकाळचा रस, झोपतानाचं दूध. यादी पाहून घरातली मोठी माणसंही चकित होतात. मग हे बदल करा:

- दिवसाच्या खाण्याच्या वेळा ठरवा: तीन जेवणं आणि दोन मधली खाणी. त्यामधल्या वेळेत फक्त पाणी.
- गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर. सणासुदीचं गोड बंद करायची गरज नाही. बोरन्हाणात मिळालेला हलवा आणि चॉकलेटं डब्यात भरून ठेवा आणि जेवणानंतर थोडं थोडं द्या. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळ्या आणि अख्खे दाणे देऊ नका, ते घशात अडकतात.
- मधल्या खाण्याला भाकरीचा किंवा थालिपिठाचा तुकडा, धिरडं, उकडलेलं अंडं, पनीर, काकडी, फळाची फोड, घरचं दही किंवा ताक.
- पाकिटातले कुरकुरीत पदार्थ, चिप्स आणि दुधात भिजवलेली बिस्किटं गोड लागली नाहीत तरी दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. ती वेळ भागवायला म्हणून हातात देऊ नका.
- डबाबंद रस आणि शीतपेयं रोजच्या खाण्यातून काढून टाका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खाण्यात वेगळी साखर घालायचीच नाही.

हे सगळं एकट्या आईवर टाकलं तर टिकत नाही. आजी-आजोबा, मावशी-काका, पाळणाघरातल्या ताई, सगळ्यांशी एकदा बोला. ‘खाऊ देऊ नका’ म्हटलं तर आजीला वाईट वाटतं. ‘आजी, खाऊ तुमच्याच हातून द्या, पण जेवणाच्या ताटाबरोबर’ म्हटलं तर ती सोबत उभी राहते.

पायरी ६: पहिल्या वाढदिवसाच्या आत दंतवैद्याकडे

काही दुखत नसतानाच पहिली भेट द्या. त्यात डॉक्टर दात आणि हिरड्या पाहतात, ब्रश कसा धरायचा ते दाखवतात आणि कीड लागण्याचा धोका किती आहे ते सांगतात. धोका जास्त असेल तर फ्लोराइड व्हार्निश लावतात: एक चिकट लेप छोट्या ब्रशने दातांवर फिरवायचा, एवढंच. दुखत नाही, सुई नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी तो पुन्हा लावतात.

सकाळची, मुलाची झोप आणि खाणं झालेली वेळ घ्या. ‘घाबरू नकोस’, ‘दुखणार नाही’ असं आपणहून बोलू नका. ‘डॉक्टर दात मोजणार आहेत’ एवढं सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि त्यात दातांची कीडही पाहतात. पथक येईल तेव्हा मुलाचे दात दाखवायला आवर्जून सांगा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो.

पायरी ७: डाग दिसला तर

*पांढरी निस्तेज रेघ:* त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रात्रीची बाटली बंद, खाण्याच्या वेळा नीट, दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट आणि व्हार्निश, एवढ्यावर ही कीड थांबू शकते. काही महिन्यांत रेघेवर पुन्हा चमक आली तर ती थांबली असं समजा.

*तपकिरी डाग किंवा छोटा खड्डा:* मूल लहान असेल आणि फार हलत असेल तर डॉक्टर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब सुचवू शकतात. त्याने कीड थांबते, पण किडलेली जागा कायमची काळी होते. आई-वडिलांनी हे आधी समजून घेऊन होकार द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध, फ्लोराइडची पेस्ट आणि ग्लास आयनोमर सिमेंट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

*मोठा खड्डा:* सिमेंट भरतात किंवा दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. नसेला लागण झाली असेल तर दुधाच्या दाढेचंही रूट कॅनॉल करतात, आणि ते फुकट जात नाही. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवायची का, हे त्याच भेटीत विचारा.

रस्त्यावर धूर देऊन दातातून अळी काढून दाखवणाऱ्यांकडे मुलाला नेऊ नका. अशा ‘उपचाराने’ कीड थांबत नाही, पण तोंड भाजू शकतं आणि महत्त्वाचे दिवस मात्र निघून जातात.

पायरी ८: दुखलं किंवा सुजलं तर

१. कोमट पाण्याने चूळ भरायला लावा आणि दाढेत अडकलेला घास मऊ ब्रशने किंवा दोऱ्याने काढा. पिन, काडी घालू नका.

२. गालावर बाहेरून कापडात गुंडाळलेला थंड बर्फ काही मिनिटं लावा.

३. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

४. दाढेवर गोळी चुरून ठेवू नका आणि लवंगेचं तेल लावू नका, नाजूक हिरडी भाजते.

५. दुखणं थांबलं तरी दाखवाच. नस मेल्यावर दुखायचं थांबतं, पण आत पू साचत राहतो. हिरडीवर पुळी येऊन फुटते आणि पुन्हा येते, तो त्याचाच पुरावा. हा पू खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा करू शकतो.

६. गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजला, ताप आला, गिळायला, तोंड उघडायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात घेऊन जा.

पायरी ९: सहाव्या वर्षी मागे बघा

सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे बहुतेक घरांत कळतच नाही आणि तिलाही दुधाचीच समजून सोडून देतात. ती कायमची दाढ आहे. दुधाच्या दातांत कीड असलेल्या तोंडात ती आली तर तिच्या खोल खाचांत कीड लगेच घर करते.

म्हणून पाच वर्षं पूर्ण झाली की रात्री ब्रश करताना बोटाने मागे चाचपून पाहा. दाढ हिरडीतून वर येऊ लागली की ब्रश आडवा धरून, गालाच्या बाजूने आत घालून, तिची वरची बाजू वेगळी घासा. ती शेजारणींपेक्षा खाली असते आणि नेहमीच्या ब्रशमध्ये सुटते. पूर्ण वर आल्यावर दंतवैद्याकडे नेऊन तिच्या खाचा सीलंटने बुजवून घ्या. ज्या घरात पहिल्या दातापासून रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात राहिला, तिथे या दाढेसाठी नवं काही शिकावं लागत नाही. क्रमात एक जागा वाढते, एवढंच.